करंगळीचं नख

उमाकांतच्या मुलीचं बारसं झालं ते साल एकोणीसशे सदुसष्ट. उमाकांत माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. सरकारी कारखान्यात इंजिनियर झाला आणि जयनगरात त्यानं घर बांधलं. त्या घरातलं ते पहिलं कार्य. भिंतींना अजून चुन्याचा वास होता. मी आणि प्रेमा बसवनगुडीहून सकाळच्याच बसनं गेलो होतो. प्रेमा तेव्हा नऊ वर्षांची. पाळण्यातली मुलगी रडत होती, बायका तिच्यावर आवाज चढवून पाळणा म्हणत होत्या, आणि मला बरं वाटत होतं. रडणारं मूल ऐकलं की मला बरं वाटतं, हे मी कुणाला सांगत नाही. मग उमाकांतच्या सासूबाई, प्रतिमाबाई, पुढं झाल्या. त्यांनी मधाच्या वाटीत करंगळी बुडवली आणि मुलीच्या तोंडात दिली. रडणं मधेच तुटलं. त्यानंतर मी जागेवरून कशी उठले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की प्रतिमाबाईंचं मनगट माझ्या मुठीत होतं, आणि त्यांची ओली करंगळी डोळ्यांशी धरून मी नखाच्या आत बघत होते.

‘अहो, मध आहे,’ प्रतिमाबाई म्हणाल्या. ‘कुर्गचा.’

‘भागूकाकूंना अंगठी आवडली वाटतं,’ मागून कुणीतरी बोललं आणि बायका हसल्या. प्रतिमाबाई हसल्या नाहीत. मी मूठ सोडली तेव्हा त्यांच्या गोऱ्या मनगटावर माझी चार बोटं उठली होती. उमाकांत दारातून म्हणाला, ‘काकू, ऊन लागलं का तुम्हाला? स्वल्प आत जाऊन पडा.’ त्याच्या शेजारी प्रेमा उभी होती, हातात घुगऱ्यांचं ताट. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

मी मागच्या पडवीत जाऊन धुण्याच्या दगडावर बसले. दगड उन्हानं तापलेला होता आणि माझे पाय मात्र गार पडले होते. जुनी भीती परत आली. ती आली की कानांना सगळं फार स्वच्छ ऐकू येतं. आत बायका कुर्गच्या मधाविषयी बोलत होत्या. कुणीतरी म्हणालं, ‘त्या घरात इतकी वर्षं काढली, माणसाच्या डोक्यावर परिणाम होतोच.’ प्रेमा बाहेर आली. ताट खाली ठेवलं आणि विचारलं, ‘अव्वा, तू त्यांचं नख का बघितलंस?’

‘जा, घुगऱ्या वाट.’

‘वाटल्या. नखात काय असतं?’

‘घाण असते.’

‘मला कुणी असं बोट दिलं होतं का?’

मी म्हटलं, जा म्हणते ना. ती गेली. पण जाताना तिनं दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घातले. तिची नखं मी दर शुक्रवारी कापते. अगदी मांसापर्यंत कापते. शाळेतल्या मुली तिला हसतात, तुझ्या बोटांना नखंच नाहीत म्हणून. तिनं मला दोनदा सांगितलं होतं, अव्वा, थोडी ठेव. मी ठेवत नाही. माझा हात थांबतच नाही.

नखात अफू असते. आताच्या बायकांना हे ठाऊक नाही, आणि नसावंच. आम्ही निपाणीकडून इथल्या गिरणीत आलो तेव्हा चाळीतल्या प्रत्येक तान्ह्याच्या आईच्या करंगळीचं नख वाढलेलं असायचं. अफूची काळी गोळी आणायची, तिच्यातलं मोहरीएवढं नखात भरायचं, सकाळच्या पहिल्या भोंग्याला बोट पोराच्या तोंडात द्यायचं. पोर चोखायचं आणि झोपायचं. संध्याकाळी पाळी सुटून आई परत येईपर्यंत हलायचंसुद्धा नाही. वाईट करतोय असं कुणालाच वाटत नव्हतं. सासवाच शिकवायच्या, जसं तेल लावायला शिकवतात तसं. मग कंबर दुखली, पाळी डबल पडली, की आई स्वतःही थोडी चाटायची. पोराचं सुटायचं, ते पायावर चालायला लागलं की. आईचं सुटायचं नाही. माझ्याही करंगळीला असं नख होतं. मी स्वतः कधी खाल्ली नाही, एवढंच. माझ्या मुलीचं नाव चंपा. तिला झोपताना डावा कान धरायची सवय होती. अफू दिली की कान धरायच्या आतच हात खाली पडायचा. तेवढ्यावरून मला कळायचं की लागू पडली, आता मी जाऊ शकते.

चंपा गेली आणि मी नख कापलं. मल्लाप्पा म्हणाला, ‘ताप म्हणायचं. ताप म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.’ माझा नवरा वाईट माणूस नव्हता. मी ताप म्हणत राहिले. वीस वर्षं म्हटल्यावर मला तिचं अंग गरम लागल्याचंही आठवायला लागलं. प्रत्यक्षात ते गार होतं.

मल्लाप्पा वारल्यावर मी हेमलताबाईंच्या घरी कामाला आले. घर म्हणजे त्यांचं राहतं घर नव्हे. बसवनगुडीत, बसवण्णाच्या देवळाच्या उताराला, चार खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी अफू सुटत नसलेल्या बायकांसाठी घर काढलं होतं. त्यांचे यजमान पुण्याकडचे, इथल्या संशोधन संस्थेत मोठ्या कामावर. शेजारी त्या घराला ‘अफीमु मने’ म्हणत, अफूचं घर, आणि भाजीवालीसुद्धा पलीकडच्या फुटपाथनं जायची. सरकारनं अफूची दुकानं बंद करायची ठरवलं होतं. दर वर्षी माल कमी कमी यायचा आणि गिरणीतल्या बायका वेड्यासारख्या करायच्या. डॉक्टरांचं म्हणणं होतं, पोरं आधी आयांपासून वेगळी करा. हेमलताबाई ऐकायच्या नाहीत. ‘पोर बाजूला काढलं तर ती बरी कुणासाठी होईल?’ असं त्या म्हणायच्या. म्हणून आई आणि मूल एकाच चटईवर. आईला रोज पाण्यातून थेंब, दर आठवड्याला एक थेंब कमी. पोराला वेगळं औषध. आणि एकच कडक नियम: आत आल्यावर कुणी पोराला लपून अफू दिली, तर पोर इथं राहील, आई जाईल. बाई दारात आली की पहिलं काम तिची नखं कापायची. ते काम माझं. माझ्याकडे एक छोटी कात्री होती, ती मी कमरेला दोरीनं बांधायची. दुपारी हेमलताबाई मला पाटीवर अक्षरं शिकवायच्या. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘ग’ काढताना माझा हात जितका अडखळायचा, तितका नखं कापताना कधी अडखळला नाही.

कस्तुराबाई आली ती अठ्ठावन्न सालच्या दसऱ्यानंतर. चिक्कोडीकडची, पंचविशीची असेल. गिरणीत बॉबिन भरायची. नवरा पोर पोटात असतानाच गावी गेला तो आलाच नव्हता. पोर सात महिन्यांचं, आणि त्याच्या जावळाला तेल लावून मधोमध भांग पाडलेला. तीच ही प्रेमा. मी नऊ नखं कापली. दहावं कापायला घेतलं तर तिनं मूठ मिटली.

‘अक्का, येवढं एक ऱ्हाऊ दे.’

‘नियम आहे.’

‘यल्लम्माला बोललोय मी. पोरीचं जावळ हुईस्तवर ह्ये नख कापायचं नाही. माझं आधीचं दोन गेल्यात, अक्का. ही जगू दे म्हणून बोललोय.’

तिकडच्या बायका पुरुषासारखं बोलतात, गेलो, आलो, बोललोय. माझी आईही तसंच बोलायची. ते ऐकून असेल, किंवा देवीचं नाव निघालं म्हणून असेल, मी कात्री खाली घेतली. काडीनं नख आतून कोरलं, नाकाशी नेलं, पाण्यात बुडवून पाणी बघितलं. स्वच्छ होतं. मी म्हटलं, ‘पदराखाली ठेव. बाईंना दिसू देऊ नको.’ ती म्हणाली, ‘सरी, अक्का,’ आणि माझ्या पायाला हात लावला. हेमलताबाईंनी विचारलं, ‘भागुबाई, झाली नखं?’ मी म्हटलं, झाली.

त्या ‘झाली’पासून भीती सुरू झाली. दोघींनीही सोसलं ते मी बघत होते. कस्तुराबाईच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, पाय असे आखडायचे की मी त्यांवर बसायची. पोर दिवसभर रडायचं, मुठी आवळून, निळं पडून. घरातल्या बाकीच्या बायका कावायच्या. एकजण म्हणाली, ‘हिला गिरणीच्या भोंग्यावर नोकरी लावा.’ कस्तुराबाईसुद्धा हसली त्यावर, ओठ फुटलेले असताना. मला मात्र ते रडणं हवं होतं. रडतंय तोवर दिलेली नाही. भांडी घासताना मी कान तिकडे ठेवायची. दोन हुंदक्यांच्या मधे जरा जास्त वेळ गेला की राखेचे हात तसेच घेऊन मी खोलीच्या दाराशी जायची. कस्तुराबाईला ते कळायचं. एकदा ती करंगळी उंच धरून म्हणाली, ‘बघून जा अक्का, उगं झुरू नको.’ मी बघितलं. स्वच्छ. पण बघितल्यावर भीती जायची ती जेमतेम पाण्याची घागर भरेपर्यंत. पुढं पुढं मी दिवसातून आठ-दहा वेळा बघू लागले. आणि पोर बरं व्हायला लागलं, म्हणजे रडणं कमी झालं, तशी माझी झोप उडाली. बरं होणं आणि अफू लागणं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हीत पोर गप्प असतं.

कार्तिकातला शेवटचा सोमवार आला. त्या दिवशी बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा असते. आमच्या दारापर्यंत शेंगांचे ढीग, पिपाण्या, फुगेवाले, खेड्यांतून आलेल्या गाड्या. सकाळपासून घरात एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हेमलताबाई घराला मदत करणाऱ्या समितीच्या बायकांना घेऊन देवळाकडे गेल्या होत्या. मी मागं चूल सारवत होते. माझ्या ध्यानात आलं, की मला पोर ऐकू येत नाही. रडत असेल तरी ऐकू येणार नाही, हेही मला कळत होतं. पण हात न धुताच मी गेले. कस्तुराबाई भिंतीला टेकून बसली होती, पोर मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, आणि तिची करंगळी पोराच्या तोंडात. पोराचा डावा हात कानाशी जाता जाता खाली पडला. आता विचार केला तर वाटतं, तो हात मी बघितलाच नसेल. तो चंपाचा असेल. पण तेव्हा मी बघितला.

मी पोर हिसकावलं आणि अंगणात पळाले. अफू चढली की डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी होते, हे डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. मी पोराला भर उन्हात धरलं, पापणी वर केली. बाहुली मोहरीएवढी होती. दुसरी बघितली. तीही. मला वाटतं मी ओरडले असेन, पण जत्रेच्या गोंगाटात माझंच मला ऐकू आलं नाही. कस्तुराबाई मागं धावत आली. मी पोर एका काखेत दाबलं आणि दुसऱ्या हातानं तिचा हात पकडून नख कापलं. घाईत मांसाचा तुकडाही कापला गेला. रक्त तिच्या लुगड्यावर आणि पोराच्या जावळावर सांडलं.

‘दिलीस ना?’ मी म्हटलं. ‘चालू लाग आता. पोर इथंच राहील.’

ती ओरडली नाही. बोट तोंडात धरून तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘रोज धा बार बघतीस. आजच तेवढं बघायचं ऱ्हाईलं व्हय, अक्का?’

मी खाली वाकून नख शोधायला लागले. मातीत पडलं होतं, चंद्रकोरीसारखं. त्यासाठी मी पोर क्षणभर पायरीवर ठेवलं. नख सापडलं, वर बघितलं, तर पायरी रिकामी होती आणि फाटक हलत होतं. मी फाटकाबाहेर गेले. समोर माणसंच माणसं, डोक्यावर शेंगांच्या पाट्या, खांद्यावर पोरं. इतकी पोरं, आणि सगळी रडत होती.

हेमलताबाई आल्या तेव्हा मी पाण्याच्या वाटीत ते नख घेऊन बसले होते. पाणी रंगत नव्हतं. यल्लम्माच्या नावानं लावलेली थोडी हळद तेवढी सुटली. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसाच्या ‘झाली’पासून.  त्यांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं, उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या डोळ्यांत बघ.’ मी बघितलं. बाहुली मोहरीएवढी होती.

‘मी अफू खाल्ली का, भागुबाई? उन्हात सगळ्यांचीच होते. सावलीत बघायचं असतं.’

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. चंपाच्या डोळ्यांत मी कधी बघितलंच नव्हतं, ना उन्हात, ना सावलीत.

तीन दिवस आम्ही शोधलं. गिरणीच्या चाळीत नव्हती, ओळखीच्या कुठल्याच घरी नव्हती. मी प्रत्येक गल्लीत कान देऊन चालत होते. चौथ्या दिवशी दुपारी, मार्केटमागच्या एका बोळात, एका बाईनं आम्हाला हाक मारून बोलावलं. शेजारच्या बंद खोलीतलं पोर सकाळपासून रडून बोळ डोक्यावर घेत होतं, म्हणून तिनं दार ढकललं होतं. कस्तुराबाई कुशीवर पडली होती, अगदी गाढ झोपल्यासारखी. श्वास होता, पण मधे मधे थांबून येत होता. आम्ही टांगा बोलावेपर्यंत तोही थांबला. डॉक्टर नंतर म्हणाले, सहा आठवडे थेंब थेंब कमी केल्यावर तिनं पूर्वी खायची तेवढीच गोळी खाल्ली. शरीर तेवढ्याला राहिलं नव्हतं. तिच्या करंगळीला चिंधी बांधलेली होती आणि त्याच बोटाच्या पेरावर, नखाच्या खाली, बारीक बारीक खुणा होत्या. पोर मी उचललं. ते माझं बोट ओढून तोंडात घ्यायला लागलं आणि मला टोचलं. हिरडीतून पहिला दात आला होता. जत्रेच्या दिवशी तिनं पोरीला चावायला बोटाचं पेर दिलं होतं, दात शिवशिवत होता म्हणून. नख बाहेरच्या बाजूला ठेवलं होतं. आणि त्या खोलीत, चार दिवस, स्वतःच्या हाताशी अफू असताना आणि पोर किंचाळत असताना, तिनं पोरीला एक कणही दिला नव्हता. दिला असता तर पोर रडलंच नसतं आणि ती शेजारची बाई आलीच नसती.

हेमलताबाईंनी मला कामावरून काढलं नाही. त्यांनी काढावं असं मला फार वाटायचं. जावळ मीच काढलं, सौंदत्तीला यल्लम्माकडे नेऊन. पोर माझ्याच चटईवर झोपू लागलं, मला अव्वा म्हणू लागलं. तिनं आईविषयी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तापानं गेली. शब्द तयारच होता.

बारशाहून निघालो तेव्हा प्रतिमाबाईंनी दारात माझ्या हातावर घुगऱ्यांची पुडी ठेवली, पण हात लांब करून. बसमध्ये प्रेमा खिडकीशी बसली. हात खिशातच. जयनगरची नवी नवी घरं, मधली मोकळी मैदानं, मग लालबागची भिंत. मी वाट बघत होते. ती विचारील म्हणून मी घाबरले होते, आणि ती कधीच विचारणार नाही, नुसते हात लपवत मोठी होईल, म्हणून त्याहून जास्त घाबरले होते.

‘अव्वा, माझ्या आईचं नख लांब होतं का?’

कुणी सांगितलं तिला? कुणी नाही. नऊ वर्षं दर शुक्रवारी मीच सांगत होते, कात्रीनं.

मी म्हटलं, ‘एकच होतं. तुझ्यासाठी ठेवलेलं. ते मी कापलं.’ आणि मग सगळं सांगितलं. नवस, जत्रा, ऊन, बाहुली, फाटक. पुढच्या बाकावरचा म्हातारा मान वळवून बघत होता. त्याला मराठी येत नसावी. चंपाचंही सांगितलं. ते मी हेमलताबाईंनाही सांगितलं नव्हतं. सांगताना मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, तिच्या खिशांकडे बघत होते. खिशांच्या आत तिची बोटं हलत होती. 

मग तिनं विचारलं, ‘तेव्हा मी रडत होते?’

‘बोळभर ऐकू जात होतं.’

‘आणि तुझी चंपा?’

‘ती नाही रडली.’

आमचा थांबा आला. उतरताना तिनं हात खिशातून काढला, दांडा धरायला. माझा धरला नाही. घरी आल्यावर मी कात्री दोरीसकट फळीवर ठेवली. पुढच्या शुक्रवारी ती तिथंच राहिली.

प्रेमाची आई कस्तुराबाई वारली ती एकोणीसशे अठ्ठावन्न साली, अकरा डिसेंबरला, गुरुवारी दुपारी. ती तापानं गेली नाही. माझी मुलगी चंपा वारली ती एकोणीसशे सदतीस साली, श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी, पाळी सुटायच्या आधी. ती अकरा महिन्यांची होती. तीही तापानं गेली नाही.